‘सध्या घरूनच कॉलेज करतेय’ म्हणणाऱ्या आईबाबांना खुलं पत्र

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या समस्त मराठी आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. विनंती खरोखरच आहे, कम्युनिटी कॉलेजातून (म्हणजे सगळ्यांना प्रवेश देणाऱ्या, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून) मोठ्या युनिव्हर्सिटीत जाण्याबद्दल, पण आधी जरा पाल्हाळ लावणार आहे, वाचून घ्या.

२०२२ च्या गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकूंनी मला विचारलं, "काय गं, लेक कुठे लागली?" त्या वर्षी हायस्कूल संपलेल्या झाडून सगळ्या पोरांची यादी त्यांना पाठ होती, हा बर्कलीला, ती पर्ड्यूला, कोणाचा तरी भाचा थेट कार्नेगी मेलनला. मी म्हटलं, "सध्या घरूनच कॉलेज करतेय," आणि लगेच मसालेभाताचं कौतुक सुरू केलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. घरूनच जायची ती, रोज सकाळी आठला, माझी जुनी कॅमरी घेऊन, वीस मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजला. फक्त ‘कम्युनिटी’ हा शब्द काही तोंडातून बाहेर पडेना. काकू पण हुशार, त्यांनी पुढे काही विचारलं नाही, नुसतं "अच्छा" म्हणाल्या, आणि त्या "अच्छा"नं मला घरी येईपर्यंत छळलं.

आता गंमत ऐका. दीड वर्षानं त्याच कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये मला आमच्याच ग्रुपमधली एक मैत्रीण भेटली, त्या गणपतीत जिच्या हातचा तो मसालेभात होता तीच. तिचा मुलगा माझ्या लेकीच्या एक वर्ष आधीपासून तिथे, आणि तोही माझ्या लेकीसारखाच एन्व्हायर्नमेंटल, म्हणजे पर्यावरणाचाच अभ्यास करायचा म्हणून. दोघी एकमेकींपासून लपवत होतो! ज्या खड्ड्यात आमची पोरगी पडली त्यात तिचा मुलगा आधीच पडून वर आला होता, आणि मी त्या रांगेत एक शब्द जरी धड बोलले असते तर आमचं एक अख्खं वर्ष वाचलं असतं. म्हणून हे पत्र.

लाज का वाटते ते मला कळतं, मी काही आभाळातून पडलेली नाही, भांडुपची आहे. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणारी मुलं असायची ना, नवऱ्याच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात होती अशी आठ-दहा, त्यांना सगळे ‘डिप्लोमावाले’ म्हणायचे, जरा नाक मुरडूनच. आणि वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये सगळ्यांच्या पुढे कोण? तेच. नवरा अजून सांगतो की मशीन ड्रॉइंग त्याला एका डिप्लोमावाल्यानंच पास करवलं. पण नाक मुरडायची सवय मात्र आपण सामानाबरोबर इकडे घेऊन आलो, आणि इथे तिला नवीन गिऱ्हाईक सापडलं.

इथली व्यवस्था मुळात मागच्या दारानं घुसायची नाहीच आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९६० साली कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, त्यात स्पष्ट वाटणी आहे, हायस्कूलच्या वरच्या आठव्या हिश्श्यातल्या मुलांसाठी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली, यूसीएलए, डेव्हिस वगैरे), वरच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी, आणि तिथून दोन वर्षांनी वर चढायची शिडी. म्हणजे शिडी प्लॅनमध्येच आहे, कोणी उपकार म्हणून नंतर लावलेली नाही. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. फी राज्यातल्या मुलांना युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर, ६० युनिट धरली तर दोन वर्षांचे २,७६० डॉलर, आणि पहिल्यांदाच फुलटाइम कॉलेजला जाणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी तेवढेही पडत नाहीत. यूसीची नुसती ट्यूशन आणि फी वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, राहणंजेवण वेगळं. यूसीचं धोरणच आहे की हायस्कूलमधून थेट येणाऱ्या दर दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधेच येणारा, घ्यायचा, आणि ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांतले दहातले नऊ तरी कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतून आलेले असतात.

आणि आता तो आकडा, जो आपल्या कोणत्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत नाही. बर्कली आणि यूसीएलए, जिथे हायस्कूलमधून अर्ज करणाऱ्या दहातल्या एखाद्यालाच ‘हो’ मिळतं, तिथे ट्रान्सफरच्या अर्जांतल्या साधारण दर चारातल्या एकाला मिळतं. शिवाय मेजरप्रमाणे, म्हणजे मुख्य विषयाप्रमाणे, फार फरक आहे. कम्प्युटर सायन्सला ट्रान्सफरची स्थिती शंभरात पाच-सहा इतकी वाईट, पण एन्व्हायर्नमेंटल सायन्स, कॉन्झर्वेशन, फॉरेस्ट्री, एन्व्हायर्नमेंटल पॉलिसी या रांगा त्यामानानं कितीतरी मोकळ्या. यूसी दरवर्षी कॅम्पसनुसार, मेजरनुसार किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचा जीपीए (सरासरी ग्रेड) काय होता हे सगळं जाहीर करते, कोणालाही बघता येतं. आपण शेअर बाजाराचे आकडे रोज बघतो, हे वर्षातून एकदा बघायला काय हरकत आहे.

आणखी एक, हे तर मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी २०२२ मध्ये इतकी रडले नसते. ज्युनिअर लेव्हलला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, ट्रान्सफर होताना हायस्कूलचे मार्क कोणी बघत नाही. सॅट परीक्षा तर नाहीच. आमची लेक अकरावीत होती तेव्हा कोविड, शाळा ऑनलाइन, आणि ९ सप्टेंबर २०२० चा तो दिवस आठवतोय ना, सकाळी दहाला आकाश केशरी, दिवे लावून बसलो होतो सगळे, वणव्यांचा धूर. त्या दिवशी तिनं लॉगइन केलं नाही, दिवसभर खिडकीत बसून होती. त्यानंतरच तिचं एन्व्हायर्नमेंटलचं वेड सुरू झालं आणि त्याच वर्षी तिचे ग्रेड घसरले, दोन्ही एकदमच. मार्च २०२२ ला सगळीकडून नकार आले तेव्हा मला वाटलं की संपलं. संपलं काहीच नव्हतं, कम्युनिटी कॉलेजला पाटी कोरी असते.

पण कोरी पाटी पहिल्या सेमिस्टरपासून भरायला लागते आणि आम्ही नेमके तिथेच चुकलो. चान्स किती, चान्स किती असं सगळे विचारत बसतात, एप्रिलमध्ये निकाल लागतो म्हणून सगळ्यांना वाटतं की चान्स एप्रिलमध्ये ठरतो. तो ठरतो दीड-दोन वर्षं आधी, ऑगस्टमध्ये, कोणते विषय घेतले त्यावर.

झालं असं. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजातल्या एका काउन्सेलरनं तिला सांगितलं, आधी सोपं सोपं घे, जनरल एज्युकेशनचे विषय उरकून टाक, सायन्सचं पुढे बघू. आम्हाला काय कळतंय, आम्ही मान डोलावली. तिनं इंग्लिश, हिस्टरी, फिल्म अप्रिसिएशन (!) आणि एन्व्हायर्नमेंटचा एक ओळखीपुरता विषय घेतला, सगळीकडे ए. आम्ही खूश. आणि मग कळलं की तिला जे मेजर हवंय त्याला जनरल केमिस्ट्रीची सिरीज लागते, कॅल्क्युलस लागतं, बायॉलॉजी, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, आणि काही कॅम्पसना वर ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसुद्धा. केमिस्ट्री म्हणजे पायऱ्या, पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा नाही. स्प्रिंगला पहिल्या भागाच्या लॅबच्या जागा भरलेल्या, वेटलिस्टवर सतरावा नंबर. लॅबमध्ये जितकी टेबलं तितकीच पोरं घेतात, तिथे ‘सर जरा अ‍ॅडजस्ट करा’ चालत नाही. म्हणजे एका फिल्म अप्रिसिएशनपायी केमिस्ट्री एक वर्ष पुढे गेली, आणि तिच्यामागून सगळंच. दोन वर्षांचं काम तीन वर्षांचं झालं. आपल्यातले जे ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत आणि ज्यांची मुलं एकवीस वर्षांची व्हायला आलीत, त्यांना असं वाया गेलेलं वर्ष किती महाग पडतं ते मी सांगायला नको.

माझ्या त्या मसालेभातवाल्या मैत्रिणीला हे सगळं माहीत होतं. तिनं मला पार्किंग लॉटमध्ये उभ्याउभ्या ‘असिस्ट’ दाखवलं फोनवर. असिस्ट म्हणजे राज्याची एक फुकट साइट आहे, त्यावर आपलं कॉलेज टाकायचं, हवं ते यूसी किंवा सीएसयू टाकायचं, मेजर टाकायचं, की समोरासमोर दोन रकाने येतात, डावीकडे युनिव्हर्सिटीला काय हवंय, उजवीकडे आपल्या कॉलेजातला कोणता विषय त्याला चालतो. कधीकधी उजवीकडे लिहिलेलं असतं की तसा विषय इथे नाहीच, मग तो शेजारच्या कॉलेजातून करायचा. एवढंच. पंधरा मिनिटांचं काम. मी त्या रात्री घरी येऊन तीन कॅम्पसचे तक्ते काढले, फ्रिजवर लावले, आणि मग ओट्याला टेकून अर्धा तास नुसती बघत बसले, कारण फिल्म अप्रिसिएशन कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

काही बारीक गोष्टी, ज्या ठेच लागूनच कळल्या. केमिस्ट्रीची किंवा कॅल्क्युलसची सिरीज शक्यतो एकाच कॉलेजात पुरी करा, कारण डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे छोट्या तिमाही सत्रांवर चालतात, बाकीची बहुतेक सेमिस्टरवर, अर्धी इथे अर्धी तिथे केली तर मधले धडे राहतात. फिजिक्स दोन प्रकारचं असतं, कॅल्क्युलसवालं आणि बिनकॅल्क्युलसवालं, कुठल्या कॅम्पसला कुठलं चालतं ते आधी बघा. बर्कलीला जायचं असेल तर लागणारे विषय आधीच्या स्प्रिंगपर्यंत संपवायचे, ‘उन्हाळ्यात करते ना आई’ चालत नाही. आणि जनरल एज्युकेशनच्या यादीला आता कॅल-जीईटीसी म्हणतात, जुन्या मुलांच्या आया आयजीईटीसी म्हणतील, गोंधळू नका.

सायन्स की स्टडीज, हाही मोठाच घोळ. नाव ऐकून आपल्याला वाटतं एकच. एन्व्हायर्नमेंटल सायन्स म्हणजे केमिस्ट्री-फिजिक्सचा रगाडा, एन्व्हायर्नमेंटल स्टडीज किंवा पॉलिसी म्हणजे कायदे, अर्थशास्त्र, समाज, त्यात सायन्स कमी. एक वरचं आणि एक खालचं असं काही नाहीये. सांता बार्बराचा स्टडीजचा प्रोग्रॅम १९७० पासूनचा आहे, १९६९ च्या जानेवारीत तिथल्या समुद्रात तेलाची विहीर फुटली आणि किनारा काळा झाला त्यानंतर सुरू झालेला. बर्कलीच्या रॉसर कॉलेजात तर एका छताखाली दोन्ही प्रकार आहेत, सायन्सपण आणि ‘सोसायटी अँड एन्व्हायर्नमेंट’पण. पण लागणारे विषय वेगळे, त्यामुळे पोराला पहिल्या सेमिस्टरच्या आधी विचारा की बाळा, तुला मातीचं पृथक्करण करायचंय की मातीवरून भांडायचंय?

आणि हे जे आपल्यातले काही जुगाडू बाबा ग्रुपवर सुचवत असतात, की एन्व्हायर्नमेंटलमधून घुसू दे, आत गेल्यावर सीएसला (कम्प्युटर सायन्सला) वळव, त्यांना हात जोडून सांगते, नका. ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलाला हातात दोनच वर्षं असतात, आणि मोठ्या कॅम्पसना तिथून सीएसला जायचं दार जवळपास बंदच असतं. पोरगं धड इकडचं नाही आणि तिकडचं नाही होतं. शिवाय ज्याला खरंच ओढ्यात उतरून बेडूक मोजायचेत त्याची जागा अडते ती वेगळीच.

आता टॅग. ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. नावातच गॅरंटी आहे आणि ती खरोखरची गॅरंटी आहे, हे पटायला मला महिना लागला, कारण आपल्याला अ‍ॅडमिशनच्या बाबतीत गॅरंटी म्हटलं की क्लासवाल्यांची जाहिरात आठवते. यूसीचे सहा कॅम्पस टॅग देतात, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. सहापैकी एकच निवडायचा. जीपीए बहुतेक ठिकाणी ३ ते ३.४ च्या आसपास लागतो, काही मेजरला जास्त, आणि ठरलेले विषय ठरलेल्या वेळात. अर्जाच्या आधीच्या उन्हाळ्याअखेर ३० सेमिस्टर युनिट झालेली हवीत. फॉर्म फक्त सप्टेंबरमध्ये, १ ते ३०, मग नोव्हेंबरअखेरपर्यंत नेहमीचा यूसीचा अर्ज वेगळा भरायचाच, तो भरला नाही तर टॅग फुकट. टॅग डेव्हिसला लावला म्हणून बर्कलीला अर्ज करता येत नाही असं नसतं, बिनधास्त करा. जानेवारीत पुन्हा एकदा ग्रेड अपडेट करायला सांगतात, ते मुलं हमखास विसरतात, तिथे आईनं खमकं राहायचं. सीएसयूचं वेगळं आहे, तिथे ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री असते आणि ती केली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की, पण ‘कुठेतरी’ या शब्दाकडे लक्ष द्या, हव्या त्याच कॅम्पसला असं नाही. हम्बोल्टसारखं, रेडवुडच्या जंगलाजवळचं सीएसयू मात्र एन्व्हायर्नमेंटवाल्या पोरांनी नक्की बघावं, लांब आहे पण.

अर्जातल्या निबंधांबद्दल थोडं सांगते कारण तिथे आमचं घर चार दिवस पेटलं होतं. ट्रान्सफरवाल्यांना चार लिहायचे असतात, प्रत्येकी साडेतीनशे शब्द, आणि त्यातला एक सक्तीचा, तुम्ही या मेजरसाठी काय तयारी केलीत? नवऱ्यानं आधी ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ छापाचं काहीतरी सुचवलं, लेकीनं त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो गाडी धुवायला गेला. तिनं लिहिलं मिठागरांवर. फ्रीमाँटला खाडीच्या कडेनं जे वाइल्डलाइफ रेफ्यूज आहे ना, त्याला लागून जुनी मिठागरं आहेत, २००३ मध्ये सरकारनं तशी पंधरा हजार एकर मिठागरं विकत घेतली आणि आता हळूहळू त्यांची परत दलदल करतायत, बांध फोडून भरतीचं पाणी आत घेतात. ती तिथे दोन वर्षं शनिवारी रोपं लावायला जायची. मी एकदा तिला सोडायला गेले आणि त्या वासानं थबकलेच, भांडुपच्या मिठागरांचा वास, ट्रेनमधून मुलुंडकडे जाताना यायचा तसाच. मग मी तिला सांगत बसले, आमच्याकडे पण अशीच होती, पांढऱ्या राशी असायच्या मिठाच्या, आणि ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, २०१५ पासून अभयारण्य आहे तिथे. ते तिनं निबंधात घातलं, की आईच्या गावातली मिठागरं इमारतींकडे चाललीत आणि इथली पाण्याकडे, मला दोन्ही समजून घ्यायचंय. मी वाचलं आणि मीही गाडी धुवायला गेले.

निकाल: डेव्हिसचा टॅग लागला, आणखी एका ठिकाणी हो, एक वेटलिस्ट, एक नाही. ती डेव्हिसला गेली, गेल्या सप्टेंबरपासून तिथे आहे, फ्रीमाँटहून कॅपिटल कॉरिडॉरची ट्रेन थेट जाते त्यामुळे डबे पोचवता येतात. पहिल्या क्वार्टरला तिचे ग्रेड पडले, हे पण सांगून ठेवते. दहा आठवड्यांत सगळं संपतं, कम्युनिटी कॉलेजच्या सोळा-सतरा आठवड्यांची सवय झालेल्या पोराला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. बऱ्याच ट्रान्सफरवाल्यांचं असं होतं म्हणे. आता सावरलीय.

न्यू जर्सी-व्हर्जिनियावाल्या बहिणींनो, तुमचे नियम वेगळे आहेत पण शिडी तुमच्याकडेही आहे. न्यू जर्सीत कौंटी कॉलेजातून (तिकडच्या कम्युनिटी कॉलेजातून) सरकारी युनिव्हर्सिटीत क्रेडिट नेण्यासाठी कायदाच आहे, रटगर्समध्ये एन्व्हायर्नमेंटचं स्वतंत्र स्कूल आहे, आणि उत्तर व्हर्जिनियातून व्हर्जिनिया टेकसारख्या ठिकाणी जायचे गॅरंटीवाले करार आहेत. तुमच्यातलं कोणीतरी तुमच्या भागाचं लिहा ना. आणि पुण्याहून ज्या ताई विचारतात की आमच्या मुलीला थेट इथल्या कम्युनिटी कॉलेजला पाठवू का, त्यांना एवढंच, ४६ डॉलर हा भाव राज्यातल्या मुलांचा, बाहेरून येणाऱ्यांना युनिटला त्याच्या कित्येक पट पडतात, हिशोब आधी करा.

तर विनंती. यंदा गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे टॅगच्या महिन्यातच. मंडळाच्या हॉलमध्ये मागच्या बाजूला, चहाच्या टेबलाशेजारी, मी आणि माझी मैत्रीण लॅपटॉप घेऊन बसणार आहोत, तिचा मुलगा येतोय, आमची लेक ट्रेन पकडून येतेय. ज्यांची मुलं ‘सध्या घरूनच’ करतायत त्यांनी मुलांना घेऊन या, कॉलेजचं नाव आणि हव्या त्या मेजरचं नाव एवढंच आणायचं. कमिटीवाल्यांनी एक एक्स्टेन्शन कॉर्ड तेवढी द्यावी, गेल्या वर्षी तिथला प्लग चालत नव्हता. आणि त्या रांगेतल्या काकूंना मी कालच फोन करून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, ‘कम्युनिटी’ या शब्दासकट. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, आमच्या धाकट्या नातवाचं पण बघशील का जरा?"

आपली,
आधी तीन वर्षं कम्युनिटी कॉलेजला आणि आता डेव्हिसला शिकणाऱ्या मुलीची आई